वाटाण्याचा अंकुर आणि पडद्यावरचे देव

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो, ३ मे १९१३ ही तारीख आठवते आणि त्यांच्या नावाने दिला जाणारा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आठवतो. फाळक्यांनी हरिश्चंद्राच्या आधी एक छोटे चलच्चित्र केले होते, ते मात्र सहसा कुणाला आठवत नाही. त्यात ना राजा होता, ना राणी. वाटाण्याचा एक दाणा होता. १९१२ साली विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. ती चित्रे पडद्यावर सलग फिरली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माती दुभंगली, कोंब वर आला, पाने फुटली आणि रोपाचा वेल झाला. या चित्राचे नाव 'अंकुराची वाढ'. नव्या धंद्यासाठी भांडवल मिळवायचे होते, म्हणून ते निवडक मंडळींना दाखवले गेले आणि त्यातून फाळक्यांना कर्ज मिळाले.

व्यवहाराच्या दृष्टीने ती धनिकांची खात्री पटवण्याची युक्ती होती. विचाराच्या दृष्टीने पाहिले तर मात्र त्या इवल्या फितीत सिनेमाचे सारे तत्त्वज्ञान दडलेले दिसते. वाटाणा कसा वाढतो हे शेतकऱ्याला ठाऊक असते, पण ती वाढ होताना कुणी पाहिलेली नसते. आज पाहिले तर बी, चार दिवसांनी पाहिले तर कोंब. मधली हालचाल आपण मनाने भरून काढतो. कॅमेऱ्याने ती डोळ्यांसमोर आणली. जे खरे आहे पण दिसत नाही ते दाखवणे, ही सिनेमाची एक शक्ती. जे नाही ते आहे असे भासवणे, ही त्याची दुसरी शक्ती. फाळक्यांचे आयुष्य या दोन शक्तींच्या मध्ये गेले. त्यांपैकी एकच आपण लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो, असे त्यांचे चरित्र चाळताना वाटत राहते.

शास्त्र्यांचा मुलगा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्यासंगी. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. पुराणकथा या मुलाला पोथीतून वेगळ्या शिकाव्या लागल्या नाहीत, त्या घरातच होत्या. १८८५ मध्ये तो जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाला. तिथे तैलचित्रे, मूर्तिकाम, वास्तुरेखन, छायाचित्रण आणि छपाईचे ठसे करण्याची विद्या, जे जे हाती लागले ते ते त्याने आत्मसात केले.

पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दगावले. बडोद्याला परतून पुन्हा फोटोचे दुकान काढावे तर लोकांत समजूत पसरलेली, की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढवणारा लवकर मरतो. गिऱ्हाईक फिरकेना. हा प्रसंग चरित्रकार बहुधा एका वाक्यात उरकतात, पण तो थांबून पाहण्यासारखा आहे. चित्र म्हणजे केवळ कागदावरची शाई नव्हे, ते माणसाच्या प्राणाशी कुठेतरी जोडलेले आहे, ही त्या समाजाची धारणा होती. त्या धारणेने फाळक्यांचे दुकान बंद पाडले. पुढे वीस वर्षांच्या आत त्याच धारणेने त्यांच्या पडद्यापुढे माणसांना लोटांगण घालायला लावले. चित्रात जीव असतो असे मानणारा समाज चित्राला भितो, तसाच चित्राची पूजाही करतो.

पोटासाठी त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आपले आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखकाची नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छपाईचे काम, आणि त्या निमित्ताने राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या छापखान्याशी संबंध, असा हा प्रवास झाला.

रविवर्म्याच्या चित्रांनी लक्ष्मी आणि सरस्वती यांना चेहरे दिले होते. देवळात न जाता, बडव्याची परवानगी न घेता, चार आण्यांच्या कागदावर देव घराघरांत पोहोचला होता. फाळके त्या छपाईच्या तंत्रात मुरले होते. एक चित्र हजारदा छापले तरी देवपण कमी होत नाही, उलट देव अधिक घरांत राहू लागतो, हे त्यांनी शाईने माखलेल्या हातांनी अनुभवले होते. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते भरभराटीतला धंदा सोडून रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

जे पडद्यावर नव्हते ते पाहणारा

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावच्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. त्या अनुभवाविषयी त्यांनी पुढे १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिले. डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचे जीवन सरकत होते आणि मनासमोरून कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या. आपले देव, आपली माणसे या पडद्यावर कधी येतील, या विचाराने त्यांना पछाडले. घरी जाऊन त्यांनी सरस्वतीबाईंना सांगितले आणि त्यांनाही तो खेळ दाखवला.

या क्षणाचे वर्णन सहसा स्फूर्तीचा झटका म्हणून केले जाते. खरे तर त्या अंधारात एक प्रेक्षक विचार करीत होता. पडदा जे दाखवतो त्याने जसे मन घडते, तसेच तो जे दाखवत नाही त्यानेही घडते. रोज संध्याकाळी परक्यांचे चेहरे, परक्यांची घरे आणि परक्यांचा ईश्वर पाहणाऱ्या समाजाला हळूहळू वाटू लागते, की दाखवण्याजोगे जे आहे ते तिकडेच आहे. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहत होते. कापड, साखर, काच यांच्या जोडीला प्रतिमाही स्वदेशी हव्यात, हा विचार फाळक्यांनी मांडला आणि त्यासाठी आयुष्य पणाला लावले.

हा शब्दप्रयोग इथे अलंकार म्हणून केलेला नाही. वर्षभर ते दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहत आणि उरलेला वेळ प्रयोग करीत. झोप नाही, विश्रांती नाही. परिणामी दृष्टी गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या तीन-चार जोड्यांच्या आधाराने ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. आठ-दहा दिवसांत जे पाहता आले ते पाहून, विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन, १ एप्रिलला ते मुंबईत परतले. त्यानंतर तो वाटाणा पेरला गेला.

हरिश्चंद्राचा कारखाना

'राजा हरिश्चंद्र'ची कथा सर्वांना माहीत असते, तिच्यामागच्या अडचणी फारशा नसतात. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांचे नाजूक हात फाळक्यांच्या नजरेत भरले आणि पंधरा रुपये पगारावर भारतीय पडद्याला पहिली नायिका मिळाली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करतो असे सांगितले की लोक नाके मुरडत, म्हणून नटांना सांगून ठेवले होते, की आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे.

तो शब्द योग्यच होता. दादर मेन रोडवरच्या बंगल्यात खरोखर कारखानाच चालला होता. दिवसा सूर्यप्रकाशात चित्रण, रात्री स्वयंपाकघराच्या अंधारात फितीला भोके पाडणे आणि ती धुणे. सरस्वतीबाई पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक करीत, चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, आणि रात्री रसायनांत हात घालून फिती धूत. घरातले दागिने या कामी गेले. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण ते पत्नी म्हणून. खरे पाहता त्या आपल्या देशातल्या चित्रपटतंत्राच्या पहिल्या स्त्री कारागीर होत.

सात महिन्यांहून थोड्या कमी काळात सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी खुला झाला. यश मिळाले, आणि त्याच वर्षी फाळके आपला संसार व कारखाना घेऊन नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्याच चित्रपटात त्यांना स्त्री कलाकार मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून चित्रपट काढण्याचे आमंत्रण त्यांना मिळाले, ते त्यांनी नाकारले. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने भांडवल आटले आणि काही काळ त्यांना छोट्या फितींवर भागवावे लागले.

लोटांगण

सप्टेंबर १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. साळुंके यांनीच त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. हनुमानाचे उड्डाण, पेटलेली लंका, समुद्र असे प्रेक्षकांनी कीर्तनात ऐकलेले सगळे आता डोळ्यांना दिसत होते. गर्दी लोटली. मद्रासकडे तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून, पहाऱ्यात न्यावी लागली अशी कथा सांगतात. आणि राम पडद्यावर येताच थिएटरात बसलेली माणसे पादत्राणे काढून नतमस्तक झाल्याच्या आठवणी त्या काळच्या लोकांनी नोंदवून ठेवल्या आहेत.

साधारण याच काळात युरोप-अमेरिकेतले विचारवंत सिनेमाकडे गंभीरपणे पाहू लागले होते. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०७ मध्येच सिनेयंत्राचा दाखला देऊन म्हटले होते, की माणसाची बुद्धी वाहत्या जीवनाचे स्थिर तुकडे पाडते आणि ते जोडून गतीचा भास निर्माण करते. मूळ प्रवाह मात्र तिच्या हाती लागत नाही. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी १९१६ च्या ग्रंथात दाखवले, की सिनेमा बाहेरच्या जगापेक्षा मनाच्या रीतीने चालतो. जवळून घेतलेले चित्र म्हणजे आपले अवधान, आणि मागच्या काळात नेणारे दृश्य म्हणजे आपली स्मृती. पुढे १९३५-३६ मध्ये जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी मांडले, की यंत्राने कलाकृतीच्या प्रती निघू लागल्या की तिच्या एकमेवपणाचे तेज ओसरते आणि ती पूजेच्या कक्षेतून बाहेर पडते.

यांपैकी कुणाचे लेखन फाळक्यांच्या वाचनात होते असे मानायचे कारण नाही. पण त्यांची कृती या तिघांच्या शेजारी ठेवून पाहावी. बर्गसाँ यांना जिथे केवळ तुकडे दिसले, तिथे वाटाण्याच्या फितीने तुकड्यांतूनच डोळ्यांना न दिसणारी वाढ परत मिळवून दिली. 'श्रीकृष्णजन्म' या १९१८ च्या चित्रपटात कंसाला आपलेच शिर धडावेगळे होताना दिसते. बाहेर काही घडलेले नसते, भीतीला आकार मिळालेला असतो. मन पडद्यावर आणणे म्हणजे काय ते नाशिकच्या कारागिराने असे दाखवले. आणि बेन्यामिन यांचा सिद्धांत तर 'लंकादहन'च्या प्रेक्षकांनी उलटाच करून टाकला. प्रत निघाल्याने देव उणावला नाही. ज्या गावात फितीचा डबा गेला त्या गावात तो अवतरला. जिथे मूर्ती घडवण्याची आणि विसर्जित करण्याची परंपरा आहे, जिथे देव अनेक ठिकाणी एकाच वेळी असणे हे नवल नाही, तिथे यंत्राची आणि श्रद्धेची गाठ अशा वेगळ्या रीतीने पडली.

गोमंतकीय वाचकाला यातली मेख चटकन कळेल. आपल्याकडे जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात नाटक होते, काला होतो. वाड्यावरचाच कुणी मुखाला रंग लावून राम होतो. प्रेक्षक त्याला हात जोडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शेतावर भेटला की नावाने हाकही मारतात. तो देव आहे आणि तो आपला शेजारी आहे, ही दोन्ही सत्ये एकाच मनात सुखाने राहतात. रंगभूमीवरचा देव असा माणसात परत येतो. पडद्यावरच्या देवाला मात्र परतीची वाट नाही. साळुंके तिथे नव्हतेच. होता फक्त प्रकाश. रंग पुसलेला चेहरा दिसण्याची सोय नसेल तर प्रतिमा माणसाच्या मनाचा ताबा अधिक घट्ट घेते.

जादूगार जो गुपित सांगतो

फाळक्यांना या धोक्याची जाण असावी. तसे त्यांनी कुठे लिहिले आहे म्हणून हे म्हणत नाही, त्यांनी केलेल्या कामावरून म्हणतो. 'लंकादहन'च्याच वर्षी त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' ही छोटी फीत काढली. तिच्यात ते स्वतः दिसतात. नटांना सूचना देताना, फिती तपासताना, त्या कापून जोडताना. ज्यांनी पडद्यापुढे हात जोडले, त्यांनाच पडद्यामागचा कारखाना उघडून दाखवला. तळेगावच्या काच कारखान्यावर त्यांनी लघुपट काढला, वेरूळच्या लेण्यांवर काढला. आगकाड्या आपोआप चालतात असे दाखवणारी गंमत केली. प्रोफेसर केळफाचे जादूचे प्रयोगही फितीवर आणले.

सर्वांत बोलके उदाहरण १९१९ च्या 'कालियामर्दन'चे. बाळकृष्णाची भूमिका त्यांच्या छोट्या मुलीने, मंदाकिनीने केली. चित्रपट सुरू होतो तो कथेने नव्हे. आधी मंदाकिनी मुलगी म्हणूनच समोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. जत्रेतल्या प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक असते ते फाळके पडद्यावरच्या प्रेक्षकाला सांगून ठेवतात, की ही माझी मुलगी आहे, तिचा अभिनय पाहा, आणि मग देव पाहा. यामुळे भक्तीला बाधा आली नाही. लोक त्या कृष्णावर जीव टाकत राहिले. भास कसा होतो हे कळल्यावरही आनंद उरतो, किंबहुना त्यात कौतुकाची भर पडते, असा विश्वास त्यांना प्रेक्षकांविषयी होता.

हे सांगताना त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या प्लेगने त्यांचे घर उद्ध्वस्त केले, ज्या सावकारीने शेतकरी नाडला जात होता, त्यांना त्यांच्या पुराणपटांत जागा नव्हती. ती वाट कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये दाखवली. फाळक्यांच्या चित्रांनी आपला देव, आपला इतिहास आणि आपला समाज यांची जी सरमिसळ मनांत रुजवली, तिच्यात कुणाचे चेहरे आले आणि कुणाचे राहून गेले, हा प्रश्नही विचारला पाहिजे. पडदा जे दाखवत नाही त्यानेही मन घडते, हे ख्रिस्तपट पाहताना त्यांनाच उमगले होते. ती कसोटी त्यांच्या कामालाही लागू पडते.

बोली नसलेल्या चित्राची भाषा

फाळक्यांचे चित्रपट मुके होते. आज ती उणीव वाटते, पण त्या मुकेपणाचे एक सामर्थ्य होते आणि ते सीमेवरच्या माणसाला नीट समजते. कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात, मेहकर नावाचे मराठी गाव आहे. बुलढाण्याचे मेहकर ते वेगळे. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि सरकारी कागदावर उर्दू अशी तिथली रीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो कर्नाटकाच्या, म्हणजे त्या वेळच्या म्हैसूर राज्याच्या वाट्याला आला. घरची भाषा एक आणि सरकारची दुसरी, हा अनुभव पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या गोमंतकीयांनाही नवा नाही. बिदर आणि कलबुर्गीच्या अशा गावांतला माणूस मूकपटासमोर बसला तर त्याला दुभाष्या लागत नव्हता. मधल्या पाट्या कुणी वाचून दाखवल्या तर ठीक, नाहीतर हरिश्चंद्राचे राज्य गेले हे तारामतीच्या वस्त्रावरूनच कळत होते. मराठीभाषक आणि कन्नडभाषक एका कनातीखाली बसून एकाच वेळी हसू-रडू शकतील अशी ही कला होती.

प्रतिमेचे हे बळ सत्ताधीशांनाही कळत होते. त्याच हैदराबादेत १९२४ मध्ये धीरेन गांगुली यांनी 'रझिया बेगम' हा चित्रपट दाखवला. मुस्लिम राणी आणि हिंदू प्रियकर अशी त्याची कथा. निजामाने त्यांना संस्थान सोडून जाण्याचा हुकूम काढला. चित्राने माणसाचे विचार बदलतात हे त्या दरबाराला कोणत्याही ग्रंथाविना उमगले होते.

१९३१ मध्ये 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिली आणि त्याबरोबर पडद्याला भाषाही आली, आणि भाषेबरोबर सीमा आल्या. दुसऱ्याच वर्षी प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' झळकला. कथा तीच, हरिश्चंद्राची. फाळक्यांनी मुक्याने सांगितलेली गोष्ट आता शांताराम मराठीत आणि हिंदीत वेगवेगळी सांगत होते. तारामती होत्या दुर्गा खोटे, प्रतिष्ठित घरातल्या, महाविद्यालयात शिकलेल्या. अवघ्या एकोणीस वर्षांत उपाहारगृहातल्या साळुंक्यांपासून दुर्गाबाईंपर्यंत मजल गेली होती. सिनेमा समाजाचे मन कसे बदलतो याचा पुरावा पडद्यावरच्या कथेत शोधण्यापेक्षा या दोन तारामतींमधल्या अंतरात शोधावा.

शेवटची वर्षे

१ जानेवारी १९१८ रोजी स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी फाळक्यांचे पटले नाही. उद्विग्न होऊन ते सहकुटुंब काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे परतले, पुन्हा चित्रपट काढू लागले. पण काळ बदलला होता. मूकपट म्हणून केलेल्या 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट केला. तो त्यांचा अखेरचा. सुमारे एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत पंचाण्णवच्या आसपास चित्रपट आणि पंचविसांहून अधिक लघुपट करणाऱ्या या माणसाच्या हाती उतारवयात धन उरले नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देऊ लागले.

त्यांच्या फितींपैकी फार थोड्या उरल्या आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चेही काही भागच पाहायला मिळतात. मात्र त्यांनी घातलेला प्रश्न शिल्लक आहे, आणि तो गोव्यात विचारण्याला विशेष औचित्य आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बहुधा नोव्हेंबरात, पणजीत भरतो. जगभरच्या प्रतिमा मांडवीच्या काठी येतात आणि आपण रांगेत उभे राहून त्या पाहतो. उरलेले वर्षभर त्याहून कितीतरी अधिक प्रतिमा खिशातल्या फोनवर येऊन आदळत असतात. त्यांतल्या काहींपुढे आपण नकळत लोटांगण घालतो, काहींमुळे संतापून उठतो. त्यांच्यामागचा कारखाना मात्र कुणी उघडून दाखवत नाही.

फाळक्यांनी तो दाखवला होता. आपल्या पोरीचा चेहरा आधी आणि कृष्ण मागाहून, हा क्रम त्यांनी पाळला होता. पडद्यावरच्या देवाला हात जोडण्यात काही वावगे नाही. पण जोडलेले हात सोडवून हे कुणी घडवले, कसे घडवले, यात कोण नाही, असे विचारण्याची सवय शाळेतल्या मुलांपासून आपण लावून घेतली, तर ते त्यांच्या पुतळ्याला घातलेल्या हारापेक्षा मोलाचे ठरेल. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. घरातला फोन, एक कुंडी आणि वाटाण्याचा एक दाणा पुरे. महिनाभर रोज एक चित्र घ्यावे, मग ती सलग फिरवून पाहावीत. अंकुर वर येताना पाहण्याचा आनंद मिळेल, आणि तो आपणच, एकेक दिवस जोडून, वर आणला आहे हेही कळेल.